व्हिनेगर न घातलेलं अंडं

घरात आत्ता गोवर कुणालाच नव्हता, पण वितोमिरला संशय सगळ्यांचाच होता. त्यांच्या वाल्येवो गावात साथ आल्याचं कळलं, त्या दिवसापासून तो सकाळी सातला थर्मामीटर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचा. धाकटी मुलगी नेवेना शिंकली की खिशातून वही काढून वेळ लिहायचा. सासूबाई, म्हणजे स्तामेना आजी, कांदा चिरताना डोळे पुसत होत्या, तर त्याने तेही टिपून ठेवलं: 'डोळे लाल. लक्ष ठेवणे.'

कारणही तसंच होतं. थोरली यास्ना किकिंदाला बाळंत झाली होती. तिच्या मदतीला आई, झोरिका, महिनाभर आधीच तिकडे जाऊन राहिली होती. बाकीच्यांनी रिवाजाप्रमाणे चाळीस दिवस थांबायचं होतं आणि ते चाळीस दिवस नेमके ईस्टरला भरत होते. पण यास्नाने फोनवर बजावलं, "इतक्या लहान बाळाला गोवराची लस देत नाहीत. त्यामुळे ज्याच्याकडे लशीचं कार्ड, तोच घरात येईल. बाकीच्यांनी खिडकीतून बघा."

हे वाक्य वितोमिरने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. खाली स्वतःची सहीसुद्धा ठोकली.

"माझ्या लहानपणी लसच नव्हती," आजी म्हणाल्या. "मला गोवर झालाय. आमच्या अख्ख्या गल्लीला माझ्यापासूनच झाला."

"कागद आहे?"

"गोवर झाल्याचा कागद कोण देतं, जावईबापू?"

"मग खिडकी."

पहिली पणती होती ती. तिच्यासाठी आजी हिवाळाभर पांढरी शाल विणत बसल्या होत्या, आणि आता त्या शालीत गुंडाळलेलं बाळ काचेतून बघायचं. तरी आजी भांडल्या नाहीत. नेवेनाला संशय आला तो तिथेच, कारण आजी गप्प बसणाऱ्यांतल्या मुळीच नव्हत्या.

पुढच्याच आठवड्यात त्या गुडघा दाखवायला दवाखान्यात गेल्या. परत आल्या तेव्हा कापसाचा बोळा होता कोपराच्या घडीत.

"गुडघ्याचं इंजेक्शन हातावर देतात?" नेवेनाने विचारलं.

"नवीन पद्धत आहे," आजी म्हणाल्या आणि बाही खाली ओढली.

मग ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी त्यांनी अंडी रंगवायला काढली. सगळ्यांत आधी रंगवतात ते लाल अंडं म्हणजे घराचा राखणदार. ईस्टरच्या सकाळी ते घरच्यांच्या गालांवरून फिरवायचं, म्हणजे वर्षभर सगळे गुलाबी आणि धडधाकट. आजींनी या अंड्यासाठी वेगळा वाडगा घेतला.

"आजी, यात व्हिनेगर राहिलं. त्याशिवाय रंग पक्का होत नाही, तूच सांगतेस ना."

"विसरले गं. वय झालं माझं."

पन्नास वर्षांपूर्वी कढई नेऊन परत न करणारी शेजारीण जिच्या अजून लक्षात होती, ती बाई व्हिनेगर विसरली. नेवेनाने मनातल्या मनात दोन उद्गारचिन्हं काढली.

ईस्टरच्या सकाळी निघताना वितोमिरने गाडीच्या चारही काचा खाली केल्या. "हवा खेळती पाहिजे. साथीचे दिवस आहेत."

"गोवराआधी या वाऱ्यानेच मरू," म्हणत आजींनी आपली काच वर केली. त्याने पुढून बटण दाबून ती खाली केली. आजींनी परत वर केली. पंधरा किलोमीटर हेच चाललं होतं. शेवटी वितोमिरने मधला आरसा मागच्या सीटकडे वळवला. रस्ता बाजूच्या आरशांत दिसत होताच, आणि मधल्या आरशात या दोघींचे चेहरे दिसले म्हणजे पुरळ उठल्याबरोबर कळणार होतं.

"बाबा, माझं कार्ड फाइलमध्ये आहे," नेवेना म्हणाली. "तुझं कुठाय?"

"मी तपासणारा आहे."

"मीही तीनदा विचारलं," आजी बाहेर बघत पुटपुटल्या. "तिन्ही वेळा हेच उत्तर."

वाटेत एका पेट्रोल पंपावर वितोमिर दहा मिनिटं सीट मागे टाकून झोपला. पहाटे चारपासून सामान पुसत होता बिचारा. त्याचं घोरणं सुरू होताच आजींनी पिशवीतून अंडं काढलं, ओल्या रुमालावर नीट घोळवलं आणि पुढे वाकल्या.

"रीत आहे," त्या कुजबुजल्या.

रीत फक्त गालांवरून फिरवायची होती. आजींनी कपाळावर, नाकावर आणि हनुवटीवरही अंडं टेकवलं, आणि तेही टिपक्याटिपक्यांनी. नेवेनाने बोलायला तोंड उघडलं, तर त्यात गोड पावाचा तुकडा आला.

वितोमिर उठला आणि कॉफी घ्यायला पंपावरच्या दुकानात गेला. "ख्रिस्त उठला," तो ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे म्हणाला. "खरंच उठला," असं म्हणत गल्ल्यावरची बाई चार पावलं मागे सरकली. एका आईने आपलं पोर उचललं. एक मिशीवाला अर्धी कॉफी टाकून निघून गेला.

"लोक शहाणे झालेत," वितोमिर खुशीत गाडीत येऊन बसला. "किती छान अंतर ठेवतात. तो मिशीवाला मात्र माझ्याकडे फार बघत होता. काहीतरी लपवतोय नक्की." आणि त्याने वहीत मिशीवाल्याची नोंद केली.

किकिंदाला झोरिकाने हसत दार उघडलं आणि नवऱ्याला बघताच धाडकन लावलं.

"वितोमिर, तिथेच उभा राहा. कशाला हात लावू नकोस," आतून आवाज आला.

"मला काय झालंय?"

"ते आरशाला विचार."

वितोमिर गाडीशी गेला, आरसा वळवला आणि बॉनेटवर बसलाच. थर्मामीटर लावलं. छत्तीस पॉइंट सहा. "हेही खोटं बोलतंय," तो हताशपणे म्हणाला.

तेवढ्यात आजींनी पिशवीतून चार घड्यांचा कागद काढून दाराच्या फटीतून आत सरकवला. दवाखान्याचा रिपोर्ट होता. रक्त तपासलं होतं, त्यात लहानपणच्या गोवराची खूण सापडली होती. पाठोपाठ नेवेनाचं कार्ड आत गेलं. दोघी हात धुऊन घरात गेल्या.

पुढचा तासभर वितोमिर अंगणात तुतीच्या झाडाखाली एकटा बसून होता. वहीत त्याने स्वतःचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'संशयित'.

मग आजी बाहेर आल्या. हातात तेलाचं फडकं होतं, अंड्यांना चकाकी आणायला वापरतात ते. त्यांनी जावयाचा एक गाल पुसला. फडकं लाल झालं आणि गाल स्वच्छ.

"आई, हे तुम्ही केलंत?"

"राखणदार अंडं आहे, जावईबापू. राखण केली."

"बरं, झाली ना थट्टा? मी आत येतो."

"या की. कार्ड?"

वितोमिरचा हात वरच्या खिशात गेला, मग खालच्या, मग फाइलमध्ये. "मागे घरात पुराचं पाणी शिरलं होतं, त्यात वाहून गेलं असणार."

"वाहून जायला आधी असावं लागतं. माझं रक्त घेतलं त्या बाईंनी रजिस्टर उघडून बघितलं. तुमच्या नावापुढे कोरं आहे. शाळेत लस टोचायच्या दिवशी तुम्ही मागच्या भिंतीवरून उडी मारून पळालात म्हणे."

"त्यांना काय माहीत?"

"तुमच्याच वर्गात होत्या."

वितोमिरने फाइल मिटली. "हे घरीच सांगायचं होतंत," तो म्हणाला.

"तीनदा विचारलं. तुम्ही तपासणारे पडलात." आजींनी दुसरा गाल पुसला आणि त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. "मंगळवारी सकाळी नऊ. तुमच्या नावाने वेळ घेतलीय. टोचून घ्या आणि पंधरा दिवसांनी या. भिंतीकडून नका जाऊ."

यास्नाने बाळाला खिडकीशी आणलं. पांढऱ्या शालीतून एवढंसं नाक दिसत होतं. वितोमिर काचेजवळ आला, पण टेकायचं धाडस त्याला झालं नाही.

"थोडी उघडता का?" त्याने हळूच विचारलं.

"अजिबात नाही," आतून आजी म्हणाल्या. "वारा लागेल."

तेवढ्यात बाळ शिंकलं. वितोमिरचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. गाल पुसता पुसता आजींनी काढून घेतलेली वही काचेपलीकडे नेवेनाच्या हातात होती. तिने घड्याळ बघून वेळ लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: 'आजोबा खिडकीबाहेर. डोळे लाल. लक्ष ठेवणे.'