दुप्पट वजनाचा सराव

आमच्या खापरखेड्याच्या वीजघराच्या कॉलनीत मोतीराम रोज सकाळी एका खांबाचा खून करे. खांब त्यानंच अंगणात गाडलेला, माणसाएवढा उंच. एका हातात बाभळीची आखूड तलवार, दुसऱ्या हातात बांबूच्या कमच्यांची ढाल. ड्युटीवर जायच्या आधी खांबाच्या पोटात ठक ठक भोसकणं चाले. भिंत आमची एकच, म्हणून घड्याळ घ्यायची मले कधी गरज पडली नाही.

हे खूळ रद्दीतून आलं. नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात रोमन सैनिकांची चित्रं होती. पोरगी सुमन कॉलेजात शिकलेली, तिनं वाचून सांगितलं, अन् बॉयलरवरचा हा गडी रोमचा सुभेदार झाला. मी चारच बुकं शिकलो, पण मेलेल्या लोकांची परेड आपण करायची नसते एवढं मले कळते.

त्याचे मंत्र दोन. पहिला, "कापू नका, भोसका." कापायले हात वर केला की आपलीच काख उघडी पडते म्हणे. हे तो माझ्या बायकोले वांगे चिरतानाही सांगे. दुसरा मंत्र दुप्पट वजनाचा. रोमन लोक नव्या शिपायाले खऱ्याच्या दुप्पट जड लाकडी तलवार देत, म्हणजे लढाईत खरी तलवार हलकी लागे. म्हणून मोतीराम बाजारात जाताना थैलीत विटा टाके अन् येताना भाजीसंगं त्या परत आणे. भाजीवाली विचारे, घर बांधून राहिले का?

सुमनची आई ती लहान असतानाच गेली. बापानंच वाढवली. तिचं लग्न भिलाईले ठरलं, तसा हा पुरता बिघडला. एक दिवस तिची पेटी आमच्या घरी आणून ठेवली. "लग्नापर्यंत पोरगी इथंच राहीन, तिनं माझ्या दारात यायचं नाही," असं माझ्या बायकोले सांगून चालता झाला. स्वतः करपलेल्या पोळ्या खाऊ लागला. रस्त्यात सुमन दिसली की मान वळवे.

थोडे दिवस पोरीनं सोसलं. मग माझ्यापाशी येऊन रडली. "काका, बाबाले मी एवढी जड झाली का?"

मी तापलो. सकाळी जाऊन त्याच्या अन् खांबाच्या मधातच उभा राहिलो.

"मोतीराम, काहून छळून राहिला गा पोरीले?"

त्यानं तलवार खाली केली. "सराव करून राहिलो, भाऊ. भिलाईले गेली म्हणजे दिसणारच नाही. इथं भिंतीपलीकडे आहे अन् भेटायचं नाही, हे त्याच्या दुप्पट. हे जमलं तर ते हलकं जाईन."

असला गाढवपणा मी जन्मात पाहिला नव्हता. मी म्हटलं, अन् तिचं काय? तिले वाटते, बाप आपल्याले कंटाळला. हे काही त्याच्या पुस्तकात नव्हतं.

"मग, जमलं का?" मी विचारलं.

तो खांबाकडे पाहत राहिला. "रात्री खोकलत होती. अद्रकाचा चहा देला का तिले?"

मले खोकला ऐकू आला नव्हता. अन् पोरगी आमच्याच घरात झोपली होती.

मी म्हटलं, आत्ता बोलावतो तिले. तर म्हणे, "मी बोलावलं म्हणू नका, भाऊ. रोमन सैन्याले आज सुट्टी आहे म्हणा."

जाता जाता मी त्याच्या घरात डोकावलो. अद्रक त्यानं आधीच ठेचून ठेवलं होतं.