हणमंतअप्पांचा माठ

तो माठ मी टिप्परमध्ये कधी ठेवलाच नव्हता. हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आता लिहिलं तर एवढंसंच दिसतंय. पण त्यात काय आहे ते कळायला आधी हणमंतअप्पा कळायला हवेत.

अप्पा कशावरही बसायच्या आधी ते ढकलून बघत. खुर्ची, बाज, देवळाचा ओटा, एसटी स्टँडवरचा सिमेंटचा बाक, काहीही. दोन्ही तळवे टेकायचे, अंगाचा भार टाकायचा, मान वाकडी करून आवाज ऐकायचा आणि विचारायचं, "धरंल का?" उत्तरही तेच द्यायचे, "धरतंय." मग बसायचे. मुरुडला भावकीतल्या एका लग्नात त्यांनी मांडवाचा खांब असाच तपासला आणि शेवटचं मंगलाष्टक व्हायच्या आत अर्धा मांडव खाली आला. कुणाला लागलं नाही, फक्त वरमाय झालरीत गुंडाळली गेली. पाहुणे अंगावर धावून आले तर अप्पा शांतपणे म्हणाले, "मी कुठं पाडला? त्यो पडणारच हुता. मी निस्तं इचारलं."

स्वतःच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा पोहे झाल्यावर त्यांनी मुलाला उभं राहायला सांगितलं. शिक्षण, शेती काही विचारलं नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एक दणका दिला. मुलगा दीड पाऊल मागं सरकला, तिथंच पाय रोवून उभा राहिला आणि म्हणाला, "काय झालं मामा?" अप्पा सोयऱ्यांकडे वळून म्हणाले, "धरतंय. फोडा सुपारी." हा मुलगा म्हणजे शिवराज.

अप्पांचं घर मुरुडला, पण मूळ गाव किल्लारीच्या बाजूचं. त्यामुळे सगळे धरून चालायचे, की हे भूकंपामुळं झालंय. मीही एकदा तसं विचारून बघितलं. ते म्हणाले, "भूकंपाला काय कठडा लावता येतो का सायेब? जे लावता येतं तेवढंच मी बघून राहिलो."

आम्ही दोघं एकाच रस्ता कंत्राटदाराकडे होतो. जळकोटकडून नांदेडला जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम. मी साईट इंजिनिअर, अप्पा टिप्पर ड्रायव्हर. वळणावर किंवा पुलाच्या तोंडाशी रस्त्याकडेला लोखंडी खांब आणि त्यावर पन्हळीसारखा जाड पत्रा असतो, तो कठडा बसवायचं काम माझ्याकडे होतं. असे कठडे कारखान्यातून निघण्याआधी लांब कुठंतरी मोठ्या मैदानावर ट्रक घालून तपासलेले असतात. तसा कागद प्रत्येक खेपेबरोबर येतो. तो मी अप्पांना दाखवला. त्यांनी कागदही दोन बोटांनी ताणून बघितला.

"धडक कुठल्या मातीत घेतली म्हणं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मंग? त्यांचा खांब त्यांच्या मातीत धरला. हितं एका हातावर काळी माती, दुसऱ्या हातावर मुरूम, म्होरं कातळ. हितला खांब हितंच इचारावा लागतोय."

आणि ते विचारायचे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी दोन खांबांचं काम जादा करून घ्यायचे. त्यांच्याकडे एक जुनाट टिप्पर होता, त्याला सगळे 'म्हातारी' म्हणत. म्हातारीत खडी भरायची, दोनशे पावलं मागं न्यायची. शेजारच्या सीटवर चुंबळ, चुंबळीवर पाण्यानं गळ्यापर्यंत भरलेला मातीचा माठ. म्हातारीला सीटबेल्ट नव्हता, म्हणून अप्पा स्वतःला म्हशीच्या दाव्यानं बांधून घ्यायचे. मग त्या जादा खांबांवर तिरकी धडक. "समोरून तर म्हैस बी मारती," ते म्हणायचे, "गाडी कवाबी तिरकी जाती."

गाडी कठडा फोडून पलीकडे गेली, तर कठडा नापास. गाडी थांबली पण माठ फुटला, तरीही नापास. "लई ताठ हाय. गाडी धरली अन् माणूस मोडला, त्याचा काय उपेग? कठड्यानं कसं, लेकराचं बखोट धरल्यावानी धरावं." पत्रा वाकला, गाडी घासत घासत रस्त्याला लागली आणि माठ शाबूत राहिला, की मगच पास. मग ते पाणी सगळ्यांनी घोट घोट प्यायचं, स्टोअरकीपरपासून रोलरवाल्यापर्यंत. त्यानंतर अप्पा त्या टप्प्याच्या पहिल्या खांबावर चुन्याचा एक पट्टा ओढायचे. कंपनीच्या लेखी त्याला काही किंमत नव्हती. पण त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर पट्टा बघून गाडी सैल सोडायचे.

स्टोअरकीपर डोकं धरायचा. "अप्पा, नवा पत्रा वाकवून तुम्हाला काय मिळतं हो?" जळकोटच्या बाजारातल्या कुंभारीण मावशींना तर वाटायचं, या माणसाच्या घरात कुणीतरी रागीट आहे. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सायेब, बायको लई आदळआपट करती का ह्यांची?" मालकांनी मात्र त्यांना कधी अडवलं नाही, कारण एकदा बोल्टांची एक अख्खी खेप कच्ची निघाली होती, आणि ते कागदानं नाही, माठानं सांगितलं होतं.

आता माझं.

शिवराजशी मुलीचं लग्न ठरलं तेव्हा अप्पांनी चार दिवसांची रजा घेतली. पत्रिका द्यायला केबिनमध्ये आले, माझं टेबल ढकलून बघितलं, हात जोडले आणि म्हणाले, "शरणार्थ सायेब. पोरीचं लगीन हाय. तुमी आल्याबिगर अक्षता टाकणार न्हाई." मी हो म्हणालो.

त्याच चार दिवसांत एका वळणाचं काम आलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोल ओढा. खांब ठोकायला घेतले तर दीड फुटावर काळा कातळ लागला. कातळात भोक पाडायचं मशीन नांदेडच्या टोकाला बंद पडलेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला साहेब येणार. मी दुपारभर त्या वळणावर उन्हात उभा राहिलो. मग कटर मागवला आणि खांब खालून कापायला सांगितले. वरून सगळे एका उंचीचे, ओळीत, चकचकीत. खाली दीड फूट. कापणारी माणसं दुसऱ्या गावची होती, ती आठवड्यात निघून गेली. साहेब आले, गाडीतून उतरले, "वा" म्हणाले आणि गेले.

त्या वेळी मुरुडला अक्षता पडत होत्या.

पाचव्या दिवशी अप्पा बुंदीचा डबा घेऊन हजर. माझ्यावर रुसलेले, पण वळण बघितल्याबरोबर रुसवा विसरले. म्हातारीची किल्ली खिशातून काढलीच. मी म्हणालो, "अप्पा, ते झालं. मी तपासलं."

"कुणी?"

"मीच. म्हातारी मीच घेतली. वाकलेला पत्रा बदलला पण."

"माठ?"

"ठेवला होता. नाही फुटला."

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, पकडलं. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हणून आला न्हाईत व्हय लग्नाला," ते म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "पाणी कोण पिलं?"

"मी एकटाच होतो. मीच प्यालो."

"ग्वाड लागलं आसंल."

"हो."

त्यांनी स्वतः चुना कालवला आणि वळणावरच्या पहिल्या खांबावर पट्टा ओढला. पुढे कितीतरी महिने ते भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या सायबानं सोता माठ ठिवला. इंजिनेर हाय, पर माणूस हाय." स्टोअरकीपर हसायचा. मी बुंदी खाल्ली नाही. ॲसिडिटी आहे असं सांगितलं.

अप्पांना सांगायच्या संधी खूप आल्या. रोज सकाळी आल्या. मशीन दुरुस्त होऊन आलं, तेव्हा खांब बदलून घेता आले असते, पण बदलायचे म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, तिथं कोण जाऊन आदळणार आहे.

ऊस तोडणीच्या दिवसांत, भर दुपारी, अप्पा खडीनं भरलेली म्हातारी घेऊन त्या वळणावरून उतरत होते. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला, पूर्ण चुकीच्या बाजूनं. उसावर तोडणीवाल्यांची बायकापोरं बसलेली. डावीकडे डोंगर, उजवीकडे कठडा. हे सगळं अप्पांनी नंतर दवाखान्यात सांगितलं, तेही मला एकट्याला. "ब्रेक न्हाई लागणार हे कळलं. तेवढ्यात आपला पांढरा पट्टा दिसला. म्हणलं हाव, हे तर सायबानं इचारलेलं हाय. घातली तिरकी."

कठडा दातासारखा उपटून आला. म्हातारी ओढ्यात गेली. अप्पांचा डावा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. ट्रॅक्टर थांबला नाही, त्यामुळे त्यातली पोरं कुणामुळं वाचली हे त्यांनाही माहीत नसेल.

चौकशी झाली. अप्पांनी जबाब दिला, "मला डुलकी लागली. गाडी वेगात हुती. कठड्याची चूक न्हाई."

चाळीस वर्षं स्टिअरिंगवर ज्याची पापणी लवली नाही असं ते स्वतःबद्दल सांगायचे, त्या माणसाचा हा जबाब. चौकशीवाल्यांनी रस्त्यावर उभं राहून खाली बघितलं आणि लिहून घेतलं. अप्पांची नोकरी गेली, लायसन गेलं. चहाच्या टपरीवर नवे ड्रायव्हर एकमेकांना म्हणू लागले, "झोपू नको रे, अप्पा व्हशील." मी तिथं असायचो. मी चहा पीत असायचो.

चौकशी संपल्यावर आठ दिवसांत मी मशीन लावून त्या वळणावरचा एकूण एक खांब काढला आणि कातळ फोडून पूर्ण खोलीचे नवे बसवले. अपघातानंतरची दुरुस्ती, त्यामुळे कुणी कारण विचारलं नाही.

तीन महिन्यांनी मुरुडला त्यांच्या घरी गेलो. अप्पा अंगणात नव्या कृत्रिम पायावर उभे राहायला शिकत होते. तो पाय बसवणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं म्हणे, "हे किती टनाचं हाय?" मला बघून खुश झाले. खुर्ची स्वतः ढकलून बघितली, मग मला दिली. काकू चहा ठेवायला आत गेल्या.

समोर म्हैस बांधलेली होती. दावं ओळखीचं होतं. दावं ज्या खुंट्याला बांधलं होतं त्यावर माझी नजर गेली आणि तिथंच थांबली. तो खुंटा म्हणजे आमच्या कठड्याचा खांब होता. जस्ताचा मुलामा, वरच्या बाजूला बोल्टाची भोकं आणि चुन्याचा पुसट पट्टा.

"शिवराजनं आणला," अप्पा म्हणाले. "ओढ्यात मी अन् त्यो शेजारी शेजारीच पडलो हुतो. बाकीचे सगळे गाडीखाली गेले, ह्यो एकटाच उपटून बाजूला आलेला. बुडाला कटर मारल्याली कड दिसत हुती. शिवराज जीप घिऊन मागनंच येत हुता, त्योच सगळ्यांच्या आधी पोचला. त्याला म्हणलं, जावईबापू, आधी ह्यो खांब जीपमधी टाका. मंग मला उचला."

म्हशीनं मान झटकली. खांब हलला नाही.

"धरतंय," अप्पा म्हणाले. "म्हशीपुरतं धरतंय."

चहा आला. आम्ही तो प्यालो. मुरुडच्या पावसाबद्दल, शिवराजच्या नव्या जीपबद्दल बोललो. ते विचारत होते, कोणता ड्रायव्हर कुठं आहे, कुणी त्यांची आठवण काढतं का. मी म्हणालो, सगळेच काढतात. ते "हाव का?" म्हणाले, आणि जरा वेळानं पुन्हा एकदा, "हाव का?"

निघताना ते काठीवर भार देत घरात गेले आणि एक नवा माठ घेऊन बाहेर आले. बोटांनी वाजवून दाखवला. "आता तिकडं कोण इचारत न्हाई म्हणं," ते म्हणाले. "तुमी इचारत जावा. तुमाला येतंय." त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी खूप शोधली.

तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक टप्प्यावर मी स्वतः टिप्पर घेतो, सीटवर तो माठ ठेवतो आणि तिरकी धडक देतो. दोनदा माठ फुटला, दोन्ही वेळा खांब बदलले आणि कुंभारीण मावशींकडून नवा आणला. त्या आता माझ्या बायकोची चौकशी करतात. माठ टिकला की पाणी सगळे पितात. ते गोड लागतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी सगळ्यात शेवटी पितो.

हणमंतअप्पांना डुलकी लागली नव्हती. हे चौकशीच्या कागदावर माझ्या सहीनं लिहायचं अजून राहिलं आहे. त्याआधी मुरुडला जाऊन, त्या अंगणात, जी खुर्ची ते माझ्यासाठी ढकलून बघतील तिच्यावर न बसता त्यांना सांगायचं आहे, की अप्पा, त्या दिवशी मी माठ ठेवला नव्हता. त्यांना ते माहीत आहे. तरी ते मी सांगायचं राहिलं आहे.