परकारचाचांचं लायलॅक

परकारचाचा रोज सकाळी झाडाला बर्फ घालायचे. पाणी नव्हे, बर्फ.

रियाधच्या मलाझ भागात आमच्या इमारतीच्या अंगणात, मोठ्या कुंडीत त्यांचं लायलॅकचं झुडूप होतं. मायदेशी परतणाऱ्या एका कॅनेडियन माणसाने ते दिलेलं. जांभळे घोस येतात, गल्लीभर सुगंध सुटतो, पण कडाक्याची थंडी लागल्याशिवाय फुलत नाही, एवढं सांगून तो गेला. चाचा दापोलीकडचे, माशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक. तिथला बर्फ गोणपाटात आणून ते मुळांशी रचायचे. त्यामुळे सात वर्षांत त्या सुगंधी झाडाला फक्त सुरमईचा वास आला. मांजरं भक्तिभावाने भोवती बसायची. खरा वास कसा असतो विचारलं, तर म्हणायचे, "आला की कळेल. मिजास आहे त्याची."

इराकने कुवेत घेतलं, युद्धाची चिन्हं दिसू लागली तशी इमारतीतली पाचही भारतीय कुटुंबं पांगली. माझी बायको आणि मुली पुण्याला गेल्या. जाताना सगळ्यांनी किल्ल्या चाचांकडे दिल्या.

एका संध्याकाळी क्षेपणास्त्राच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या माझ्या खोलीत मी विषारी वायूसाठीचा मास्क चढवून बसलो, तर चाचा कुंडी कवटाळून आत आले. झाडाला ओला टॉवेल गुंडाळलेला, स्वतःचा मास्क खालीच विसरलेला.

पुढे आमचं काम बंद पडलं, मलाही तिकीट मिळालं. चाचांना म्हटलं, तुमची कंपनीही पाठवते आहे, चला. ते बराच वेळ पानं पुसत राहिले.

"तुझ्या दारात कोण उभं असेल?"

"बायको. मुली."

"मग तू जा."

चाची जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं आम्ही त्यांना फक्त झाडाबद्दल विचारत होतो.

माझीही किल्ली त्यांच्याकडे देऊन निघालो, तो युद्ध संपल्यावर परतलो. लायलॅक जगलं होतं, फूल नव्हतं. घर उघडलं तर कुठे धुळीचा कण नाही. मोरीपाशी एक ताट धुऊन पालथं घातलेलं.

चाचा दारातच थांबले. थोडे ओशाळले.

"रोज एकेका घरात जेवायचो. तुमच्याकडे शुक्रवारी," ते म्हणाले. "बंद घर फार गप्प होतं रे. म्हणून थोडं बोलायचोही."