दोन सरकारे, एक तार

श्रीदीपज्योतीस नमन करून, घडले तैसे लिहिले जाते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी समुद्रकाठच्या एका राज्यात विजेची दोन सरकारे नांदत होती, थोरले आणि धाकटे, आणि रयतेस मुभा होती की मानेल त्याची वीज घ्यावी. त्या राज्यात अंबूताई गुप्ते राहात होत्या. त्यांचे यजमान गजाननपंत यांच्या फुप्फुसांनी दगा दिला, म्हणोन प्राणवायूचे यंत्र अष्टौप्रहर चालो लागले आणि थोरल्या सरकारचे बिल पेन्शनीच्या गळ्याशी आले. मग पंत बाईंची नजर चुकवून यंत्र बंद करू लागले, आणि ओठ निळे पडले तरी म्हणत, "अगं, मीटरलाही जरा दम खाऊ दे." बाईंनी ते ऐकोन धीर सोडला.

मग शेजारचे दळवी सांगते जाहले की धाकट्याचा युनिटास दर कमी, तिकडे जावे. बाई कचेरीत गेल्या. परंतु मीटर सासूबाई सत्यभामाबाईंचे नावे, ज्यांस देवाघरी जाऊन एकतीस वर्षे जाहली. घरात पहिला दिवा लागला त्या दिवशी सासूबाईंनी मीटरास हळदकुंकू वाहिले होते आणि तारवाल्यास बेसनाचा लाडू दिला होता. पुढे दारावरची पाटी रंगकामात गेली आणि रेशनकार्डावरचे नावही गेले, एक बिल मात्र दरमहा सासूबाईंच्या नावाने येई. बाई ते आधी तसबिरीपाशी ठेवीत, मग भरीत, आणि म्हणोनच नाव कधी बदलले नव्हते.

कारकून म्हणाला, "आजी, मयताची सही कुठून आणणार? आधी नाव बदला, मग सरकार बदला."

बाईंनी घरी येऊन तसबिरीस हात जोडले. "सासूबाई, तुमच्याच लेकाच्या श्वासासाठी करतेय." मग दाखले आणि प्रतिज्ञापत्रे होता होता श्रावण उजाडला, आणि धाकट्याचे पहिले बिल आले. युनिटाचा दर खरेच कमी होता. परंतु तार थोरल्याची, म्हणोन वीज वाहून आणल्याचा आकार त्यास, आणि त्यास सोडून गेल्याचा अधिभारही त्यासच, आणि स्थिर आकार, आणि इंधनाचा आकार, आणि त्या सर्वांवर राज्याचा कर. बेरीज पूर्वीहून अठ्ठावीस रुपये अधिक.

दळव्यांनी चष्मा लावून बिल दोनदा वाचले आणि खाली मान घालोन म्हणाले, "अंबूताई, म्हैस बदलली, पण गोठा नि गवळी तेच."

बाई पुन्हा कचेरीत गेल्या. कारकून बोलिला की माघारी थोरल्याकडे जाता येईल.

"आणि नाव?"

"मयताच्या नावे अर्ज घेत नाहीत, आजी."

बाई घरी आल्या आणि सवयीने बिल तसबिरीपाशी ठेवू गेल्या, तो त्यावर आपलेच नाव दिसले. त्यांनी ते उचलोन पदराखाली धरले. इतक्यात आतल्या खोलीतील यंत्राची घरघर थांबली.

येणेप्रमाणे हकिकत. सरकार बदलले, तार तीच राहिली, आणि सासूबाईंचे नाव मात्र गेले. त्या घरी अद्याप एक म्हातारा बटण बंद करतो आणि एक म्हातारी उठोन ते चालू करते. लिहिण्यासारखे आणखी काही उरले नाही.