बदकाच्या कॅसिनोतले मेश्रामकाकाजी

आमच्या शेजारचे मेश्रामकाकाजी मोबाइलवर जुगार खेळायला बसले की आधी त्या जुगाराच्या दुकानाला विचारायचे, "जेवण झालं काय?" गंमत म्हणून नाही. चष्मा पुसून, एका बोटाने एकेक अक्षर शोधत ते हा प्रश्न लिहायचे आणि उत्तर येईपर्यंत पत्त्याला हात लावायचे नाहीत. उत्तर धड आलं नाही, तर ते दुकान त्यांच्या मनातून कायमचं उतरायचं.

हे पैशांचे ऑनलाइन खेळ आता कायद्याने बंद झाले. ही त्याच्या आधीची गोष्ट. बंद झाल्याची बातमी आली तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला, आणि काकाजी बरेच दिवस माझ्याशी कुंपणापलीकडूनही बोलले नाहीत. शेवटी बोलले ते एवढंच, की मोठ्यांच्या पापात लहान्यालेही भरडलं.

"मोठ्याचं पोट मोठं असते, लहान्याले लाज असते." हे काकाजींचं वाक्य आमच्या हुडकेश्वरच्या लेआउटच्या वस्तीत भाजीवालीपासून टँकरवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. या एका वाक्यावर त्यांनी अख्खा संसार चालवला. त्यांच्या घरातल्या साबणाचं नाव दुसरीकडे कुठे ऐकू येत नाही. बिस्किटं अशी, की त्यांच्या पुड्यावर कंपनीपेक्षा मालकाच्या आईचंच नाव असावं असं वाटतं. दरवर्षी दीक्षाभूमीवर गेले की मोठमोठ्या पंडालांतलं अन्नदान ओलांडून ते कुठल्या तरी कोपऱ्यातल्या लहानशा स्टॉलसमोर उभे राहतात आणि तिथली खिचडी संपली असेल तर थांबतात. निवडणुकीत मत अपक्षालाच. मागच्या वेळी त्यांचा उमेदवार ढोबळी मिरचीवर उभा होता आणि मिरचीचं डिपॉझिट गेलं. मी चिडवलं तेव्हा काकाजी शांतपणे म्हणाले, "जिंकणाऱ्याले माया मताची काय गरज होती?"

एकदा मुलाने हौसेने मॉलमध्ये नेलं. दारातच त्यांनी गार्डला विचारलं, मालक कुठं बसते? गार्डला सांगता येईना. त्याने सुपरवायझरला बोलावलं, त्यालाही सांगता येईना. काकाजी आल्या पावली बाहेर आले. ज्या दुकानात मालक दिसत नाही तिथे भाव करायचा कोणाशी, आणि भांडायचं कोणाशी, हा त्यांचा सवाल होता. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

काकाजी खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. उभा जन्म कंट्रोल रूममध्ये, पॅनेलसमोर. तिथला एक नियम ते अजून देवळातल्या मंत्रासारखा म्हणतात: रिलिव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन पॅनेल ताब्यात घेत नाही तोवर आधीच्याने उठायचं नाही, मग घरी लग्न असो की मयत. काकाजींनी या नियमापायी स्वतःचा साखरपुडा अर्धा चुकवला होता.

काकू होत्या तेव्हा त्या कॉलनीतून रोज कंट्रोल रूमला फोन करायच्या. "जेवण झालं काय?" बस, एवढंच. इकडून काकाजी चारचौघांत लाजून "हो" म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचे. हे मला काकूंनीच सांगितलं होतं, शेवटच्या आजारपणात, हसत हसत. "यायले कधी सुचलं नाही वं, आपणही उलटं विचारावं म्हणून. माणूस चांगला हाय, पण फोन लवकर ठेवते." काकू गेल्या आणि त्यानंतर काकाजी दिसेल त्याला विचारत सुटले. सकाळी आठ वाजता मी कंपनीच्या बसकडे पळत असताना कुंपणावरून आवाज यायचा, जेवण झालं काय? मी म्हणायचे, काकाजी, आत्ताच तर उजाडलं.

मुलगा प्रशांत पुण्याला असतो. त्याने स्मार्टफोन आणून दिला, वेळ जावा म्हणून. वेळ गेला. काकाजींना त्यात अंदर-बाहर सापडलं. पत्त्यांचा खेळ. एक पान उघडतात, मग त्याच्या जोडीचं पान आत पडेल की बाहेर, यावर पैसे लावायचे. काकाजी कायम बाहेरवर लावायचे, कारण बाकीचे आतवर लावतात.

आता पैसे लावायचे तर माणूस ज्यांच्या जाहिराती टीव्हीवर येतात त्यांच्याकडे जाईल. काकाजी त्या जाहिराती लागल्या की टीव्हीकडे पाठ करायचे. "ज्याच्याजवळ एवढा मोठा हिरो ठेवाले पैसा हाय, त्यानं तो कोणाच्या खिशातून काढला असन?" म्हणून ते लहान लहान, कोणी नाव न ऐकलेले कॅसिनो धुंडाळू लागले. बॉयलर सुरू करण्याआधी करावी तशी कसून तपासणी. नियमांचं पान एका चहात वाचून झालं नाही तर ते दुकान बाद. नियमांत शुद्धलेखनाच्या चुका असल्या तर मात्र त्यांना आनंद व्हायचा, कारण त्या माणसाने केलेल्या असतात. आणि शेवटची, सगळ्यांत कठीण परीक्षा म्हणजे ग्राहकसेवेच्या चौकटीत टाकलेला तो प्रश्न.

या परीक्षेत भलेभले नापास झाले. शेवटी एक पास झाला. त्याच्या बोधचिन्हावर टोपी घातलेलं एक बदक होतं, त्याचा एक डोळा जरा खाली आलेला. काकाजींनी विचारलं तेव्हा कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मग हिंदीत उत्तर आलं, नहीं सर, अभी नहीं. लिहिणाऱ्याचं नाव पडद्यावर ॲलेक्स होतं. "ॲलेक्सबिलेक्स काही नाही," काकाजी म्हणाले, "आपल्याच इकडचं पोट्टं असन, पोटासाठी नाव बदललं." त्या दिवसापासून ते बदकवाल्यांचे झाले.

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात खरेदी बघते. लहान वर्कशॉप आणि मोठी कंपनी यांतला फरक मला रोज निस्तरावा लागतो. लहान्याला लाज असते हे खरं, पण तो लाजेपायी फोनच उचलत नाही, हा माझा अनुभव. मी काकाजींशी खूप भांडले. म्हटलं, जुगार तो जुगार, त्यात लहान दुकान काय आणि मोठं काय. आणि हे बदक उद्या तुमचे पैसे घेऊन उडून गेलं तर कुठल्या तळ्यावर शोधाल? लहान चोरही चोरच असतो.

"असन चोर," काकाजी म्हणाले. "मी कुठं जिंकाले बसून राहिलो? मी हारतोच. तिथं हारलो तर मशीन म्हणते, आणखी पैसे टाका. इथं हारलो तर तो म्हणते, सॉरी अंकल, आता राहू द्या आजच्या दिवस."

तरीही मी बोललेच, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

प्रशांतला हे कळलं ते बँकेच्या मेसेजमुळे, कारण बँकेत नंबर त्याचा दिलेला. रक्कम चहा-पोह्यांची असायची, पण बदकाचं नाव वाचून पोराचं धाबं दणाणलं. त्याने फोनवर बापाशी वाद घातला, मग माझ्याशी बोलला. म्हणाला, रविवारी येतो, तुम्हीही समोर बसा. हा स्मार्टफोन मी परत नेणार आणि बटणांचा साधा देणार. ऐकलं नाही तर सरळ पुण्याला घेऊन जाणार. काकाजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "पुण्याले मी येतो, पण फोन देत नाही." पुण्याला जायला त्यांचा जीव किती नको म्हणतो हे मला ठाऊक होतं. तेव्हा मला कळलं की गोष्ट पत्त्यांची नाही. पण मग कशाची, ते काही मला उलगडलं नाही.

रविवारी प्रशांतची गाडी चांगलीच उशिरा आली. मी गेले तेव्हा दुपार कलली होती आणि घरात मटणाचा वास कोंडून राहिला होता. प्रशांतने बॅगही नीट ठेवली नाही. गाडीत काहीबाही खाल्लंय, म्हणाला, आणि सरळ मुद्द्यावर आला. पुण्यात राहून त्याची भाषा अगदी इस्त्रीची झाली आहे. खेळायचंच असेल, तो म्हणाला, तर निदान नावाजलेल्या ठिकाणी खेळा. तिथे काही झालं तर कोणाला तरी जाब विचारता येईल. या बदकाचा ठावठिकाणा तरी माहीत आहे का तुम्हाला?

काकाजींनी त्याला शांतपणे बोलू दिलं. मग हनुवटी वर करून म्हणाले, "तुया मोठ्या कंपनीले विचार, जेवण झालं काय म्हणून. उत्तर आलं तर घेऊन जा फोन."

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. मी नजर पंख्याकडे वळवली. त्याने स्वतःच्या फोनवर ते टीव्हीवरचं मोठं ॲप उघडलं आणि प्रश्न टाकला. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, पैसे भरायचे असतील तर खालचं बटण दाबा. मागोमाग सणाच्या शुभेच्छा आणि एक बोनस. सण कुठलाच नव्हता. काकाजींनी त्या फोनला दोन्ही हात जोडले.

मग त्यांनी आपला फोन घेतला. चष्मा पुसला. एका बोटाने प्रश्न लिहून बदकाकडे पाठवला आणि फोन तिघांच्या मधे, टीपॉयवर ठेवला.

काहीच आलं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला, तरी काही आलं नाही. प्रशांत सोफ्यावर मागे रेलला. खरं सांगते, इतके महिने मी त्या बदकाच्या नावाने बोटं मोडली होती, आणि त्या दुपारी मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, अरे, बोल रे बाबा. काकाजींची हनुवटी हळूहळू खाली आली.

"एकटा असन," ते म्हणाले. "गिऱ्हाईक असन कोणी."

प्रशांतने फोनसाठी हात पुढे केला. त्याच वेळी पडद्यावर तीन ठिपके हलू लागले. हात तसाच राहिला आणि उत्तर त्यानेच आधी वाचलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

नहीं अंकल, रिलीवर नहीं आया, सुबह से अकेला बैठा हूँ. आपने खाया? कल बोल रहे थे मटन बनाके बेटे का रास्ता देखूँगा. बेटा आया क्या?

प्रशांतने ते पुन्हा वाचलं. त्याने फोन हलकेच टीपॉयवर, काकाजींच्या बाजूला सरकवला. मग बापाकडे पाहिलं. मला वाटतं, घरात आल्यापासून पहिल्यांदाच. इस्त्री कुठच्या कुठे गेली.

"बाबा, तुमी जेवले नाही अजून? काहून नाही जेवले?"

"तुया मोठ्या कंपनीले विचार," काकाजी म्हणाले, आणि खाली मान घालून चष्मा पुसत बसले.

प्रशांत उठून स्वयंपाकघरात गेला. मला तिथे बसवेना आणि उठताही येईना. काकूंचं ते हसणं आठवलं. ज्यांना जन्मभर उलटं विचारायचं सुचलं नाही, त्यांना या बदकाच्या दुकानात कोणीतरी उलटं विचारत होतं. काकाजींनी चष्मा चढवला आणि त्या पोराला उत्तर लिहायला घेतलं. एकेक अक्षर शोधत, पुटपुटत. आ गया. अभी बैठते हैं. तू कुर्सी मत छोड़, पर डिब्बा खोल.

पाठवून झालं आणि एकही पत्ता न उघडता त्यांनी फोन बंद केला.

आत भांड्यांची आदळआपट चालली होती. प्रशांतने ओरडून विचारलं, ताटं कुठे ठेवली.

काकाजी जागचे हलले नाहीत. तिथूनच म्हणाले, "तुया मायनं ठेवली होती तिथंच हायेत. तीन काढ. ही बी जेवली नसन."

मी बारा वाजताच जेवले होते. मी हात धुवायला उठले.