उठून उभा राहिलेला सुरू

"शुक्रवारच्या नमाजाआधी ही जागा कॅरमच्या पाटासारखी सपाट करून देतो," अब्दुल म्हणाला आणि चहाचा शेवटचा घोट असा घेतला, जणू निम्मं काम झालंच.

मेहरुनने मान डोलावली. नवऱ्याने याआधी स्वयंपाकघराची जमीनही सपाट केली होती. तिथे अजून तांब्या ठेवला की तो आपला आपण दारापर्यंत फिरून येई.

पुण्यापर्यंत विजेची गाडी नुकतीच धावू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. लोणावळ्यात एका शेठजींच्या बंगल्यामागे सुरूचं बन होतं, आणि बनाच्या कडेला अब्दुलच्या वडिलांचं, इनायतअब्बांचं घर. अब्बा बंगल्याचे माळी. ते सुरू त्यांनीच तरुणपणी लावले, आणि ते असे वाढले की घराला ऊन दिसेनासं झालं. मेहरुन बाळंत होऊन माहेराहून आली ती भर पावसात. तान्ह्या अमिनाची दुपटी वाळायची कुठे? शेगडीवर बांबूची पाटी उपडी घालून ती त्यावर दुपटी पसरी. पोरीचा पापा घेतला की भाजलेल्या कणसाचा वास येई. मेहरुनला तो वास आवडू लागला होता, पण आईला सगळंच आवडतं. शेजारणी नाक मुरडत.

मग आश्विनात वादळ झालं आणि तीन सुरू आडवे झाले. सकाळी ऊन पहिल्यांदाच घरात आलं, पाळण्यापाशी थांबलं आणि अमिनाच्या पायाच्या बोटांवर बसलं. पोर आपलीच बोटं बघत राहिली. अब्बा बाहेर पडलेल्या झाडांवरून हात फिरवत होते, म्हणून मेहरुन आतच हसून घेऊन बाहेर आली.

शेठजींचा निरोप आला, लाकूड तुम्ही ठेवा, पण बुडखे उपटून जागा मोकळी करा. मेहरुनने त्या मोकळ्या जागेत मनातल्या मनात दोरी बांधून दुपटी वाळतही घातली.

शुक्रवारी सकाळी अब्दुल आणि शेजारच्या कुरवंडे गावचा भिमाजी दोन माणसांनी ओढायची करवत घेऊन आले. दोन लहान झाडं कापून झाली, बुडखेही भिमाजीच्या बैलांनी ओढून काढले. राहिला मोठा सुरू. त्याच्या अर्ध्या मुळ्या उपटून भिंतीसारख्या उभ्या होत्या, अर्ध्या अजून जमिनीत होत्या आणि खाली हा मोठा खड्डा पडला होता. खड्ड्यात गारवा, म्हणून भिमाजीने भाकरीचं फडकं तिथे ठेवलं. अब्बांनी ईदच्या कोऱ्या वहाणाही तिथेच काढल्या.

"खोड लय हलतंय," भिमाजी म्हणाला.

"मी बसतो की वर," अब्बा म्हणाले, आणि मुळांच्या बाजूला घोड्यावर बसावं तसे बसले.

करवत पार झाली. शेंड्याचं ओझं सुटलं. बुंध्याने एक सुस्कारा टाकला आणि कोणी मोठं माणूस आल्यावर उठावं तसा तो सावकाश, अदबीने उठून उभा राहिला. मुळ्या खड्ड्यात बसल्या. वर बुंध्याला मिठी मारून अब्बा.

"अब्बा, उतरा," अब्दुल म्हणाला.

"कसा उतरू? बसलो होतो तेव्हा जमीन जवळ होती."

उतरवल्यावर त्यांनी पायाखाली पाहिलं. "माझ्या वहाणा?"

"माजी भाकर?" भिमाजी म्हणाला.

दोन्ही सुरूखाली. बैल जुंपले. दोर तुटला, बुडखा ढिम्म. दुसरा दोर आणायला भिमाजी उपाशीपोटी कुरवंड्याला गेला, आणि तिथे उशीर का झाला हे त्याने घरी सांगितलं, "आबा बसलं आन् पडल्यालं झाड उठलं." यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच तर पंचाईत.

दुसऱ्या दिवशी दोराऐवजी कुरवंड्याची माणसं आली. शालूबाई सगळ्यांच्या पुढे, हातात नारळ. तिने अब्बांचे पाय पाहिले. "चपलासुदिक सोडल्या, आबा?"

"सोडल्या नाहीत, बाई. त्या झाडाखाली गेल्या."

"झाडाला दिल्या," शालूबाईने मागच्या बायकांना समजावलं.

आठवडाभर जागा माणसांनी भरली. बुडख्याला नवसाचे दोरे बांधले गेले, आणि बुडखा काढू म्हणताच लोक अब्दुलकडे असे बघत की तो मुकाट्याने डबा उचलून कामावर जाई. अब्बा ओशाळून घरात बसत. ऊन मात्र सगळं बाहेरच्यांच्या पाठीवर. मेहरुनची शेगडी पुन्हा पेटली.

"पोरी," अब्बा हळूच म्हणाले, "तू सांग त्यांना. बायकांचं बायका ऐकतात."

मेहरुनने शालूबाईला सगळं सांगितलं. मुळ्या, खड्डा, ओझं, भाकरी, वहाणा. शालूबाईने शांतपणे ऐकलं. "व्हय. पर ते आबा बसल्यावरच उठलं ना?"

यावर मेहरुनला राग आला. तिने बुडख्यापासून खिडकीपर्यंत दोरी बांधली आणि अमिनाची दुपटी वाळत घातली. तान्ह्या पोराच्या ओल्या दुपट्यांपुढे कोण हात जोडतंय, असं तिला वाटलं.

संध्याकाळी एक दुपटं कमी भरलं. आधीच मोजकी. मेहरुनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुपटं तिच्या आईने जुन्या साडीचं शिवलेलं होतं.

सकाळी शालूबाई दारात. "रागावू नगा. सुनेच्या उशाला ठेवाया न्हेलं हुतं, तिची कूस उजवावी म्हून. रातभर ठेवलं, आता परत आणलं."

दुपटं पांढरं स्वच्छ धुतलेलं, कुरवंड्याच्या माळावरच्या उन्हात खडखडीत वाळलेलं, घडी घातलेलं. मेहरुनने ते गालाला लावलं. धुराचा वास नव्हता.

"मावशी," तिने विचारलं, "तुमच्या गावात आणखी कुणाला हवंय का?"

शालूबाईने बोटं मोजायला घेतली.

दुसऱ्या दिवशी अब्बा अनवाणी बाहेर आले तेव्हा दोरी पार वाकली होती. अमिनाची होती नव्हती ती सगळी दुपटी कुरवंड्याच्या बायकांची वाट बघत तिच्यावर होती. शेवटच्या टोकाला अब्दुलचे दोन पायजमेही होते.