शोभेच्या पायब्रेकाचें वर्तमान

श्री. ज्याचे हातीं सर्व चाकांचा वेग आणि थांबा, त्या परमेश्वरास नमस्कार करोन धन्याचे आज्ञेवरून लिहितों. पाहिलें तें पाहिलें म्हणोन, ऐकिलें तें ऐकिलें म्हणोन. शके १९४१, विकारी नाम संवत्सर, माघ मास. घाटमाथ्यावर एक दौलत, तिचें नांव सांगण्याची आज्ञा नाहीं. तेथें सुभानराव निंबोरे म्हणोन फटफटीचे स्वार, दौलतीचें टपाल पोंचवीत. वर्षामागें पडोन उजवा घोटा मोडला, वैद्यांनी सळया घालोन सांधिला, परंतु लवेना. फटफटीचा मागील ब्रेक उजव्या पायाशीं. पाऊल नीट दबेना, तर स्वारी कैसी व्हावी? मग गॅरेजाचे धनी कासम उस्ताद शिकलगार यांजकडे गुपचूप गेले, आणि उस्तादांनी डोकें चालवोन डाव्या मुठीशीं क्लचाखालीं दुसरी आखूड दांडी बसविली, पायाकडील जोड सोडवोन तिजपासून तार मागील चाकास नेली, आणि तीन दिवस स्वतः चालवोन पाहिलें. काम फक्कड जाहलें. आतां पायाचा ब्रेक निकामी, तो काढावा, तों सुभानराव म्हणों लागले कीं राहूं द्यावा, घोट्याची गोष्ट फुटली तर मुलगी कोण देणार. उस्ताद चिडले. बोलिले, "रावसाहेब, जो धरत नाहीं तो ब्रेक दिसूंही नये. कोणी तरी त्यावर भरंवसा ठेवील." सुभानरावांनी ऐकिलें नाहीं, आणि उस्तादांनीही गिऱ्हाइकाची मर्जी म्हणोन ठेविला. आम्हांस विचाराल तर चूक दोघांची. पण आम्हांस विचारतो कोण!

त्याउपरि सोयरीक जुळत आली, आणि वद्य पंचमीस मुलीचे चुलते विश्रामराव बैठकीस आले. सुभानरावांचे धाकटे बंधु केदारजी परमुलुखीं चाकरीस असत, तेही त्याच सकाळीं पोंचले. त्यांस घोट्याचें कांहींच ठाऊक नव्हतें. विश्रामरावांनी सुपारी कातरतां कातरतां विचारिलें कीं पायाविषयीं बाहेर ऐकतों तें काय. तेव्हां सुभानराव हंसोन उठले, फटफटीवर बसोन अंगणापुढें दोन फेरे मारिले, आणि थांबतेवेळीं डाव्या हातें दांडी ओढिली परंतु पाय उचलोन निकाम्या ब्रेकावर ऐसा आपटिला कीं सर्वांनी पाहावा. पाहुणे संतोषले. केदारजींनी टाळ्या पिटिल्या. मग साखरपुडा आजच उरकावा ऐसें ठरलें. पेढे हवेत, आणि बाजार घाटाखालीं. केदारजी म्हणाले, "दादा, चावी द्या, मी आलोंच." सुभानरावांचे ओठीं गोष्ट आली. समोर विश्रामराव बसले होते. बाजूस नेऊन दोन शब्द सांगतां आले असते. तेवढेंही मेलें जाहलें नाहीं. चावी दिली आणि सावकाश जा इतकेंच सांगितलें. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. म्हणणारांस एकवार त्या उतारावर न्यावें.

तिसऱ्या वळणावर खडीचा ट्रक उभा होता. रस्त्याचे कामावरील बाईनें पाहिलें, ती सांगते कीं स्वार पाय दाबीत होता, पुन्हा दाबीत होता, आणि फटफटी थांबेना. मग घाबरोन हाताचा पुढील ब्रेक एकदम आवळिला, तों चाक खडीवर घसरलें आणि स्वार कठड्याबाहेर गेला. लोकांनी वर आणिलें तेव्हां प्राण नव्हता. मातोश्रींनी मस्तक मांडीवर घेतलें आणि रडों लागल्या कीं लहानपणापासून उतावळा, ब्रेक दाबायचेंही सुचलें नसेल माझ्या लेकराला. विश्रामरावही होय होय म्हणाले. तेथें गप्प राहिले असते तर सुभानरावांचें सर्व कांहीं झाकलें जात होतें, लग्नही कदाचित् जाहलें असतें. परंतु त्या बाईचें बोलणें त्यांनी ऐकिलें होतें. ते मातोश्रींजवळ खालीं बसले आणि बोलिले, "आई, त्यानें दाबला. दोनदा दाबला. तिथें ब्रेकच नव्हता, आणि मला माहीत होतें."

विश्रामराव उठोन गेले. मातोश्री सुभानरावांस दोन वेळां ताट वाढितात, बोलत नाहींत. सारांश, घोट्यास इलाज निघाला होता आणि तो उत्तम होता. केदारजी गेले ते लाजेपायीं. त्यांचें वय सव्वीस होतें. याउपर लिहवत नाहीं.